किनाऱ्याचे ऋण

काळ्या समुद्राच्या उत्तर भागात क्रिमिया नावाचे एक द्वीपकल्प आहे. त्याच्या आग्नेय किनाऱ्यावर, एका विस्तीर्ण उपसागराच्या काठी फिओडोसिया हे प्राचीन बंदर वसलेले आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक लोकांनी हे गाव वसविले. पुढे इटलीतील जिनोआ शहराच्या व्यापाऱ्यांनी येथे भक्कम तट आणि बुरूज बांधले. त्यानंतर तुर्कांचा अंमल आला आणि अठराव्या शतकाच्या अखेरच्या काळात हा सर्व प्रदेश रशियन साम्राज्यात सामील झाला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या गावात गतवैभवाच्या खुणा तेवढ्या उरल्या होत्या. वैभव मात्र उरले नव्हते. पडक्या बुरुजांच्या सावलीत तातार, ग्रीक, आर्मेनियन आणि रशियन लोकांची वस्ती होती. समुद्र मात्र पूर्वीसारखाच त्या जुन्या तटापाशी गर्जत होता.

अशा या गावात २९ जुलै १८१७ रोजी एका गरीब आर्मेनियन कुटुंबात एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव होव्हानेस. हाच मुलगा पुढे इव्हान आयवाझोव्हस्की या नावाने जगप्रसिद्ध चित्रकार झाला. त्याचे वडील एके काळी बऱ्यापैकी व्यापार करीत. परंतु १८१२ साली गावात प्लेगची साथ आली आणि त्यांचा व्यापार पार बुडाला. त्यांना अनेक भाषा अवगत होत्या. त्या ज्ञानाच्या आधारे लोकांचे अर्ज व पत्रे लिहून देऊन ते कसेबसे घर चालवीत. आई भरतकामात निपुण होती. तिच्या सुईदोऱ्याचाही संसाराला आधार असे. घरात दारिद्र्य होते, पण घराच्या जागेचे भाग्य मोठे होते. ते लहानसे घर उंचावर होते आणि त्याच्या अंगणातून सारा उपसागर दृष्टीस पडत असे.

होव्हानेसला खेळणी कोठून मिळणार? समुद्रकिनारा हेच त्याचे क्रीडांगण आणि हीच त्याची पहिली शाळा होती. दूरदेशीची गलबते शिडे उतरवून बंदरात नांगर टाकीत. खलाशी धक्क्यावर माल उतरवीत. कोळी आपली जाळी वाळूवर पसरून उसवलेले भाग विणीत बसत. मुलगा हे सारे तासन् तास न्याहाळीत राही. पहाटे पाण्याचा रंग कोणता असतो आणि दुपारी तो कसा पालटतो, वादळापूर्वी क्षितिज कसे काळवंडते, लाट फुटण्याच्या आधी तिच्या माथ्यातून ऊन कसे आरपार दिसते, हे त्याला कोणी शिकविले नाही. ते त्याने आपल्या डोळ्यांनी टिपले. खलाशांच्या तोंडून वादळांच्या आणि फुटलेल्या जहाजांच्या कथाही त्याच्या कानी पडत. त्या सुमारास ग्रीक लोक तुर्की सत्तेशी स्वातंत्र्यासाठी झुंजत होते. त्या युद्धातील वीरांची छापील चित्रे गावात येत. ती पाहून आपणही चित्रे काढावीत, असे त्याच्या मनाने घेतले.

परंतु चित्रे काढावयाची कशावर? कागद महाग आणि रंग तर त्याहून महाग. घरच्या अडचणीमुळे या कोवळ्या वयातच त्याला एका कॉफीच्या दुकानात काम करावे लागे. तेव्हा त्याने चुलीतला कोळसा उचलला आणि चुना दिलेल्या पांढऱ्या भिंतींवर जहाजे, शिपाई आणि किल्ले रेखाटण्यास आरंभ केला. शेजाऱ्यांच्या स्वच्छ भिंती काळ्या होऊ लागल्या. त्यांना याचा राग येणे स्वाभाविकच होते. पण गावच्या सुदैवाने ही चित्रे एका जाणत्या माणसाच्या दृष्टीस पडली. फिओडोसियाचे नगररचनाकार याकोव कोख यांनी त्या ओबडधोबड रेषांतील जिवंतपणा ओळखला. त्यांनी मुलाला शिक्षा केली नाही. उलट त्याला कागद, पेन्सिली व रंग दिले आणि इमारतींचे व वस्तूंचे प्रमाणशीर रेखाटन कसे करावे, हे शिकविले. त्यांनीच होव्हानेसची गाठ गावचे अधिकारी कझ्नाचेयेव यांच्याशी घालून दिली.

कझ्नाचेयेव हे उदार मनाचे गृहस्थ होते. १८३० साली बढती मिळून ते सिम्फेरोपोल शहरी गेले, तेव्हा त्यांनी या गरीब मुलाला आपल्याबरोबर नेले, आपल्याच घरी ठेवून घेतले आणि तेथील विद्यालयात घातले. त्यांच्या आणि इतर काही सज्जनांच्या खटपटीमुळे १८३३ साली होव्हानेसला राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथील शाही कला अकादमीत सरकारी खर्चाने प्रवेश मिळाला. त्या वेळी तो अवघा सोळा वर्षांचा होता.

राजधानी भव्य होती; पण तिचे आभाळ करडे आणि हिवाळा दीर्घ होता. फिओडोसियाचे ऊन तेथे नव्हते. त्याने उत्तरेकडील समुद्राची चित्रे काढण्यास सुरुवात केली. त्याची प्रगती पाहून अकादमीने त्याला फिलिप तानर या फ्रेंच चित्रकाराच्या हाताखाली दिले. तानर समुद्रचित्रांत प्रवीण होते. परंतु या शिष्याला विद्या देण्यापेक्षा त्याच्याकडून आपले रंग तयार करून घेणे त्यांना अधिक सोयीचे वाटे. अशा स्थितीत अकादमीच्या प्रमुखांनी होव्हानेसला प्रदर्शनासाठी एक चित्र काढण्यास सांगितले. त्याने ते काढले आणि १८३६ सालच्या प्रदर्शनात लोकांनी त्याची वाखाणणी केली. गुरूला हे सहन झाले नाही. आपल्या परवानगीवाचून शिष्याने चित्र मांडले, अशी तक्रार त्यांनी थेट सम्राट निकोलस यांच्याकडे केली. सम्राटांची आज्ञा झाली आणि त्या तरुणाची चित्रे प्रदर्शनातून उतरविण्यात आली.

एकोणीस वर्षांच्या निराधार विद्यार्थ्यावर हा केवढा आघात होता! सम्राटांची इतराजी झालेल्या माणसाच्या वाऱ्यालाही कोणी उभे राहत नसे. त्याचे शिक्षण येथेच संपले असते, तर तो पुन्हा कॉफीच्या दुकानात पेले विसळीत बसला असता. पण त्याने कुंचला खाली ठेवला नाही. काही महिन्यांनंतर अकादमीतील एका अध्यापकांनी धैर्य करून ते चित्र सम्राटांना दाखविले आणि खरी हकीकत त्यांच्या कानांवर घातली. सम्राटांचा राग निवळला. त्यांनी या तरुणाला बक्षीसही दिले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८३७ साली, अकादमीने त्याला सुवर्णपदक देऊन गौरविले आणि त्याची शिक्षणाची उरलेली दोन वर्षे माफ केली. ही दोन वर्षे त्याने कोठे घालवावीत? अकादमीने त्याला क्रिमियाच्या किनाऱ्यावर जाऊन स्वतंत्रपणे चित्रे काढण्याची मुभा दिली. १८३८ साली तो आपल्या समुद्राजवळ परत आला.

या काळात आयवाझोव्हस्की आरमाराबरोबर कॉकेशसच्या किनाऱ्यापर्यंत गेले. जहाजाची डोलकाठी, दोरखंड, शिडे, सुकाणू यांची रचना त्यांनी खलाशाइतकी बारकाईने समजून घेतली. त्यानंतर १८४० साली अकादमीने त्यांना उच्च शिक्षणासाठी इटलीला पाठविले. तेथे त्यांना स्वतःच्या कलेचे मर्म उमगले. सोरेंतो गावी त्यांनी निसर्गासमोर बसून सुमारे तीन आठवडे खपून एक देखावा रंगविला. त्यात पाहिलेली प्रत्येक गोष्ट त्यांनी जशीच्या तशी उतरविली होती. नंतर दुसऱ्या एका गावी त्यांनी सूर्यास्ताचे आणि चंद्रोदयाचे अशी दोन चित्रे केवळ आठवणीवरून काढली. तिन्ही चित्रे प्रदर्शनात लागली, तेव्हा लोक पहिल्या चित्रावरून सहज नजर फिरवून पुढे जात आणि आठवणीतल्या त्या दोन चित्रांपुढे खिळून उभे राहत.

असे का व्हावे? आयवाझोव्हस्की यांनी यावर पुष्कळ विचार केला. डोंगर आणि झाड चित्रकारासाठी थांबून राहतात. लाट थांबत नाही. वीज चमकते, वारा सुटतो, लाट फुटते आणि कुंचला रंगात बुडेपर्यंत तो क्षण निघून गेलेला असतो. ज्याला समुद्र रंगवावयाचा आहे, त्याने तो आधी मनात साठविला पाहिजे. आणि त्यांच्या मनात तो लहानपणापासून काठोकाठ भरलेला होता. चुना दिलेल्या भिंतींपुढे कोळसा घेऊन उभा राहणारा मुलगा तरी दुसरे काय करीत होता? जहाज बंदरातून निघून गेल्यावर तो ते आठवून काढीत होता. आपल्या बाळपणीच्या शाळेचा धडाच आपल्या कलेचा पाया आहे, हे त्यांनी ओळखले.

इटलीत त्यांची कीर्ती वेगाने पसरली. पोप यांनी त्यांचे एक चित्र आपल्या संग्रहासाठी पसंत केले. पॅरिसमध्ये त्यांना पदक मिळाले. युरोपात प्रवास करीत असता बिस्केच्या उपसागरात त्यांचे जहाज भयंकर वादळात सापडले. जहाज बुडाले आणि तरुण चित्रकारही गेला, अशी वार्ता वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाली. प्रत्यक्षात ते सुखरूप होते. इतर प्रवासी भयाने गर्भगळित झाले असता ते मात्र मृत्यू समोर दिसत असतानाही त्या खवळलेल्या सागराचे उग्र सौंदर्य मनात साठवीत होते.

१८४४ साली ते रशियात परतले. अकादमीने त्यांना सन्मानाचे पद दिले आणि आरमाराचे चित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. वय अवघे सत्तावीस वर्षांचे! राजधानीतील मोठमोठे सरदार त्यांच्या चित्रांसाठी वाट पाहत. तेथे राहून सुखाने आयुष्य घालविणे सहज शक्य होते. अनेकांनी तेच केले असते. परंतु आयवाझोव्हस्की यांचे चित्त राजवाड्यांत रमत नव्हते. दुसऱ्याच वर्षी त्यांनी फिओडोसियात समुद्राच्या अगदी काठाला जमीन घेतली आणि तेथे घर बांधण्यास आरंभ केला. ज्या गावाने आपणाला डोळे दिले, त्या गावातच राहावयाचे, असा त्यांचा निश्चय होता. पुढची सुमारे पंचावन्न वर्षे त्यांनी अनेक देशांचा प्रवास केला. पण प्रत्येक प्रवासाचा शेवट फिओडोसियाच्या किनाऱ्यावरच झाला. १८४६ साली त्यांच्या कलासेवेला दहा वर्षे झाली, तेव्हा आरमाराच्या युद्धनौका त्यांना मानवंदना देण्यासाठी त्या लहानशा बंदरात आल्या होत्या.

त्यांच्या चित्रशाळेची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. घर समुद्राच्या काठी होते, तरी चित्रशाळेची खिडकी अंगणाकडे होती. तेथून समुद्र दिसत नसे. सकाळी किनाऱ्यावर फिरून समुद्र पाहावयाचा आणि मग त्याच्याकडे पाठ करून तो रंगवावयाचा, अशी त्यांची रीत होती. हात अतिशय वेगवान होता. १८५० साली त्यांनी ‘नववी लाट’ हे आपले सर्वांत प्रसिद्ध चित्र काढले. वादळात एकामागून एक मोठ्या लाटा येतात आणि त्यांत नववी लाट सर्वांत प्रचंड असते, अशी खलाशांची जुनी समजूत आहे. या चित्रात रात्रभर वादळाशी झुंजलेली काही माणसे मोडक्या डोलकाठीला बिलगून राहिली आहेत. त्यांच्यावर ती प्रचंड लाट येत आहे. पण त्याच क्षणी क्षितिजावर सूर्य उगवत आहे आणि त्याच्या सोनेरी किरणांनी हिरवे पाणी उजळून निघाले आहे. माणसे वाचतात की बुडतात, हे चित्र सांगत नाही. त्यांनी आशा सोडलेली नाही, एवढेच ते सांगते.

१८५३ साली क्रिमियाचे युद्ध पेटले. शत्रूने सेव्हास्तोपोल बंदराला वेढा घातला असता आयवाझोव्हस्की तेथे गेले आणि सैनिकांना धीर यावा म्हणून त्यांनी आपल्या नाविक युद्धचित्रांचे प्रदर्शन भरविले. तोफांच्या माऱ्यात त्यांनी राहू नये, यासाठी सेनापतींना त्यांना आग्रहाने परत पाठवावे लागले.

कीर्ती मिळाली, संपत्ती मिळाली. चित्रकाराचे जीवनकार्य येथेच पूर्ण झाले, असे कोणीही म्हटले असते. परंतु फिओडोसियाचे एक दुःख त्यांना सतत टोचत होते. समोर अथांग पाणी पसरलेले असूनही गाव तहानलेले होते. समुद्राचे खारे पाणी पिण्याच्या काय उपयोगाचे? गोड्या पाण्यासाठी लोकांचे वर्षानुवर्षे हाल होत. ज्यांच्या चित्रांतील लाटा पाहून राजेरजवाडे थक्क होत, त्यांच्याच गावात घोटभर पाण्यासाठी माणसे तळमळत होती. चित्रात पाण्याचा कितीही आभास निर्माण केला, तरी त्याने कोणाची तहान भागत नाही, ही जाणीव त्या संवेदनशील मनाला अस्वस्थ करीत असली पाहिजे.

गावापासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर सुबाश येथे त्यांची शेतीवाडी होती. तेथे निर्मळ पाण्याचा एक झरा होता. १८८७ साली त्यांनी नगरसभेला पत्र लिहिले. आपल्या जन्मगावाचे हाल आपणांस पाहवत नाहीत, तरी या झऱ्याचे रोज ५०,००० बादल्या पाणी आपण गावाला कायमचे देत आहोत, असे त्यांनी त्यात कळविले. तेव्हाच्या रशियन मापाची बादली सुमारे १२ लिटरांची असे; म्हणजे हे दान रोज सुमारे सहा लाख लिटर पाण्याचे झाले. नळ घालण्याचे काम झपाट्याने पार पडले आणि १८८८ साली पाणी गावात आले. आयवाझोव्हस्की यांनी स्वतः आराखडा काढून, स्वतःच्या खर्चाने एक सुंदर कारंजे बांधून दिले. तेथे पाणी पिण्यासाठी एक चांदीचा पेला ठेवलेला असे. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी आणि मुलांनी त्या दिवशी ओंजळी भरभरून जे पाणी प्राशन केले असेल, त्याची गोडी कोणत्याही सुवर्णपदकाला येणे शक्य नाही.

गावासाठी त्यांनी आणखीही पुष्कळ केले. आपल्यासारख्या होतकरू मुलांना दूर राजधानीला जावे लागू नये, म्हणून १८६५ साली त्यांनी आपल्या घरीच चित्रकलेचे शिक्षण सुरू केले. गावाच्या प्राचीन अवशेषांसाठी त्यांनी १८७१ साली संग्रहालय उभारून दिले. १८८० साली घराला जोडून मोठे चित्रदालन बांधून ते लोकांसाठी खुले केले. फिओडोसियापर्यंत आगगाडी यावी, यासाठी त्यांनी अनेक वर्षे खटपट केली आणि १८९२ साली ती आली. प्रदर्शनांतून मिळणारे उत्पन्न ते पुष्कळदा गरीब विद्यार्थ्यांसाठी आणि अनाथांसाठी देऊन टाकीत.

वृद्धापकाळीही त्यांचा हात थकला नाही. १८९८ साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी ‘लाटांमध्ये’ हे चार मीटरांहून अधिक रुंदीचे भव्य चित्र अवघ्या दहा दिवसांत पुरे केले. त्यात जहाज नाही, माणूस नाही, किनारा नाही. केवळ समुद्र आहे, आणि काळ्या ढगांतून उतरलेला एक प्रकाशाचा किरण आहे. आयुष्यभरात त्यांनी सुमारे ६,००० चित्रे काढली. त्यांतील बहुतेकांचा विषय एकच—समुद्र. २ मे १९०० रोजी त्यांनी देह ठेवला. त्या वेळी चित्रशाळेत एका जळत्या जहाजाचे चित्र अर्धवट रंगविलेले होते. सारे गाव शोकाकुल झाले. दुकाने बंद राहिली आणि अंत्ययात्रेच्या वाटेवर लोकांनी फुले अंथरली. ज्या आर्मेनियन समाजात ते जन्मले, त्याच समाजाच्या जुन्या चर्चच्या आवारात त्यांना चिरविश्रांती मिळाली. आपले चित्रदालन त्यांनी मृत्युपत्राने फिओडोसिया शहराला देऊन टाकले होते.

मुलांनो, प्रत्येक गावाजवळ आपल्या लेकरांना देण्यासारखे काही ना काही असतेच. कोठे नदी असते, कोठे डोंगर, कोठे काळी कसदार जमीन, तर कोठे नुसता उघडा माळ. ते पाहण्याची दृष्टी ज्याला लाभते, त्याला गरिबी अडवू शकत नाही. फिओडोसियाच्या किनाऱ्याने एका दरिद्री मुलाला लाटा, शिडे आणि सूर्यप्रकाश दिला. त्या मुलाने तो अमोल ठेवा जगापुढे मांडला. परंतु तेवढ्याने आपण ऋणमुक्त झालो, असे त्याने कधी मानले नाही. खाऱ्या पाण्याने त्याला कीर्ती दिली. त्याची परतफेड त्याने गोड्या पाण्याने केली. ज्या मातीत आपण वाढलो, तिच्याकडून घ्यावे कसे आणि तिला द्यावे कसे, हे इव्हान आयवाझोव्हस्की यांच्या चरित्रातून शिकावे.